ऑपरेशन झाले, आता किमो घ्यायची का?

(विहाराच्या वर्धापन दिनी, तिवसा येथे महिला मंडळातर्फे झालेले भाषण)



दरवर्षी या दिवशी इथे धम्मावर, शिक्षणावर, बाबासाहेबांच्या कार्यावर जाणकारांची व्याख्याने होतात. यंदा समितीने महिला मंडळाला सांगितले की तुम्ही आरोग्यावर बोला. आम्ही म्हणजे मंडळातल्या सहा जणी. एक नर्सबाई म्हणून निवृत्त झालेली, एक आशाताई, बाकीच्या शेतात आणि घरात राबणाऱ्या. डॉक्टर आमच्यात कोणी नाही. पण वस्तीतल्या बायांसोबत इर्विन, नागपूर, सेवाग्राम अशा फेऱ्या आम्ही पुष्कळ केल्या. बाकड्यांवर बसून ऐकले, डॉक्टरांना विचारले, घरी येऊन वाचले. त्यातून एकच प्रश्न आज आपल्यापुढे मांडायचा आहे. छातीच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाल्यावर किमो घ्यायची की नाही, हे कसे ठरवायचे?

हा प्रश्न निवडण्याचे कारण सांगतो. आपल्या वस्तीत दोन बायांचे ऑपरेशन थोड्या महिन्यांच्या फरकाने झाले. दोघींना विचारूनच सांगत आहोत, नावे सांगणार नाही. पहिली बासष्ट वर्षांची. तिला डॉक्टरांनी किमो दिली नाही, रोज एक गोळी दिली. लगेच वस्तीत कुजबुज सुरू झाली की, पोरांनी पैसे वाचवले, म्हातारीले तसंच सोडून देल्लं. दुसरी अडतीस वर्षांची, दोन लेकरांची माय. तिला डॉक्टरांनी किमो घ्याच म्हणून सांगितले. तर तिला भेटायला येणाऱ्या बाया म्हणू लागल्या, "तिले नाई देल्ली, मंग तुले कायले? गाठ तं काढली ना व माय, आता कायले पायजे ते जहर?" ती ऐकून बसली. पाहता पाहता सात आठवडे गेले.

बंधू-भगिनींनो, यात कुजबूज करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण पहिल्या घरावर विनाकारण बोल आला आणि दुसऱ्या घरात जिवावर बेतण्याची वेळ आली. ऑपरेशन दोघींचे सारखे दिसत होते, म्हणून औषधही सारखे असेल असे सगळ्यांनी धरून चालले. खरे पाहता दोघींच्या हातातला कागद वेगळा होता. आजचे आमचे सगळे बोलणे त्या कागदाबद्दल आहे.

गाठ काढल्यावर औषध कशाला?

आपण कास्तकार माणसे. कुंदा माहीत नाही असा माणूस या मांडवात नसेल. वखरून, नांगरून वावर साफ दिसते. पण मातीत मुळाचा एक तुकडा राहिला तरी पावसाळ्यात पुन्हा कुंदा उगवतो. कॅन्सरच्या काही गाठींचे तसेच आहे. गाठ सापडते तोवर तिच्यातल्या काही पेशी रक्तातून दुसरीकडे गेलेल्या असू शकतात. त्या इतक्या बारीक की सोनोग्राफीत, सीटी स्कॅनमध्येही दिसत नाहीत. सुरी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. औषध रक्तातून सगळीकडे फिरते, म्हणून ते पोहोचते. कोणाच्या अंगात अशी मुळे राहिली असतील आणि कोणाच्या नसतील, हे मात्र डोळ्यांनी कळत नाही. सगळी अडचण इथे आहे.

हे कळायला माणसाला बराच काळ लागला. अमेरिकेतले सर्जन हॉलस्टेड यांच्या काळापासून, म्हणजे १८९० च्या दशकापासून, समज असा होता की जितके जास्त कापू तितका रोग मुळापासून जाईल. छातीसोबत खालचे स्नायूही काढून टाकत. तरीही पुष्कळ बाया पुढे दगावत. अमेरिकेचेच डॉ. बर्नार्ड फिशर यांनी सांगितले की काही गाठींचा रोग पहिल्यापासूनच सर्व शरीराचा असतो. मग इटलीत मिलान शहरी डॉ. बोनाडोना यांनी १९७३ पासून एक प्रयोग केला. काखेतल्या गाठींपर्यंत रोग गेलेल्या ३८६ बाया घेतल्या. सगळ्यांचे ऑपरेशन झालेले. १७९ जणींना पुढे काही औषध दिले नाही, २०७ जणींना तीन औषधांची किमो दिली. १९७६ साली त्यांनी पहिला हिशेब छापला. औषध न घेतलेल्यांपैकी शंभरात २४ जणींचा रोग उलटला होता. औषध घेतलेल्यांत शंभरात फक्त ५ जणींचा. त्या दिवसापासून ऑपरेशननंतरची किमो जगभर सुरू झाली.

आपल्याच तालुक्यातल्या मोझरीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कॅन्सरने गेले. त्यांच्या नावाने नागपूरला आज कॅन्सरचे मोठे रुग्णालय चालते. महाराजांच्या काळात या रोगाचे नाव घेतले की माणूस आशा सोडत असे. आज तशी स्थिती राहिलेली नाही. आज उपाय पुष्कळ आहेत. त्यातला आपल्याला कोणता लागू, हे ठरवण्याचे काम वाढले आहे.

कागदावर काय लिहिलेले असते?

ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ तपासायला जाते. पंधरा दिवसांत, कधी तीन आठवड्यांत तिचा रिपोर्ट येतो. पुष्कळ घरांत तो रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवतात, कोणी वाचत नाही. इंग्रजीत असतो हे खरे. पण घरातली दहावी-बारावी झालेली पोरगी त्यातल्या पाच गोष्टी सहज शोधू शकते.

पहिली गोष्ट, गाठ किती मोठी होती. दोन सेंटिमीटरच्या आत की पाचाच्या वर.

दुसरी, काखेतल्या किती गाठी तपासल्या आणि त्यांतल्या किती गाठींत रोग सापडला. एकाही गाठीत नसेल तर धोका कमी. जितक्या जास्त गाठींत, तितका जास्त.

तिसरी, ग्रेड. एक, दोन की तीन. एक म्हणजे पेशी सावकाश वाढणाऱ्या, तीन म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या.

चौथी, ईआर आणि पीआर. बाईच्या अंगातल्या हार्मोनवर ही गाठ पोसली जात होती का, हे यातून कळते. पॉझिटिव्ह असेल तर घाबरू नका, ती एका अर्थी चांगली बातमी आहे. त्या गाठीचे खाणे बंद करणाऱ्या गोळ्या आपल्याकडे आहेत.

पाचवी, हर टू. याचा निकाल शून्य, एक, दोन, तीन असा येतो. तीन म्हणजे पॉझिटिव्ह. दोन आला तर निकाल अर्धवट समजायचा आणि फिश नावाची आणखी एक तपासणी करून घ्यायची. ती झाल्याशिवाय औषध ठरवणे बरोबर नाही.

या पाचांमध्ये बाईचे वय, पाळी चालू आहे की गेली, आणि साखर, रक्तदाब, हृदय कसे आहे, एवढे मिळवले की डॉक्टरांपुढे पूर्ण चित्र येते. शेजारीण, नणंद, मावससासू यांचा त्या चित्रात कुठेही संबंध नाही.

कोणाला किमो लागते?

ईआर, पीआर आणि हर टू हे तिन्ही नसतील तर त्या गाठीला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. आपल्या देशात अशा गाठींचे प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त आहे, आणि आपल्या बायांना हा रोग तिकडच्यापेक्षा साधारण दहा वर्षे आधी, तरुण वयात होतो. या गाठीवर हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत. ऑपरेशनशिवाय तिच्यावरचे मोठे हत्यार म्हणजे किमो. म्हणून गाठ अगदीच बारीक नसेल तर डॉक्टर सहसा किमो सांगतातच. काहींना ती ऑपरेशनच्या आधीच देतात. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने अशा ७२० बायांवर केलेल्या अभ्यासाचा निकाल डिसेंबर २०२२ मध्ये जगापुढे ठेवला. ऑपरेशनआधीच्या किमोत कार्बोप्लॅटिन हे जुने आणि स्वस्त औषध मिळवले, तर पन्नाशीच्या आतल्या बाया जास्त वाचतात, असे त्यातून दिसले. आमच्या अडतीस वर्षांच्या भगिनीची गाठ याच जातीची होती, आणि काखेतल्या तीन गाठींत रोग गेलेला होता.

हर टू पॉझिटिव्ह असेल तर किमोसोबत ट्रास्टुझुमॅब नावाचे इंजेक्शन असते, ते साधारण वर्षभर चालते. पूर्वी ते फक्त परदेशी कंपनीचे, फार महाग मिळे. २०१४ पासून भारतात बनलेलेही मिळू लागले, किंमत उतरली. ही गाठ पूर्वी फार वाईट समजत. या इंजेक्शनाने तिचे पारडे फिरवले.

आता राहिली ती गाठ जिचा ईआर पॉझिटिव्ह आहे आणि हर टू निगेटिव्ह. सर्वांत जास्त बाया याच गटात असतात, आणि घ्यावी की न घ्यावी हा खरा पेच इथेच पडतो. पूर्वी यातल्या पुष्कळ जणींना सरसकट किमो देत. मग अमेरिकेत आणि इतर काही देशांत १०,२७३ बायांवर टेलर-एक्स नावाचा अभ्यास झाला. सगळ्यांच्या काखेतल्या गाठी स्वच्छ होत्या. प्रत्येकीच्या गाठीतल्या २१ जनुकांची तपासणी करून धोक्याचा आकडा काढला. मधल्या आकड्याच्या अर्ध्या बायांना किमो आणि गोळ्या दिल्या, अर्ध्यांना नुसत्या गोळ्या. २०१८ साली निकाल आला. नऊ वर्षांनंतर दोन्हीकडे शंभरातल्या साधारण ९५ जणींचा रोग दूरच्या अवयवांत गेलेला नव्हता. म्हणजे किमोने त्यांना वेगळे काही मिळाले नाही. पन्नाशीच्या आतल्या काही जणींना मात्र थोडा फायदा दिसला. पुढे २०२१ मध्ये छापलेल्या दुसऱ्या अभ्यासात काखेतल्या एक ते तीन गाठींत रोग गेलेल्या बाया घेतल्या. धोक्याचा आकडा कमी असलेल्या आणि पाळी गेलेल्या बायांना किमोचा उपयोग झाला नाही. पाळी चालू असलेल्यांना झाला.

आमच्या बासष्ट वर्षांच्या आजीची गाठ दोन सेंटिमीटरच्या आत होती. काख स्वच्छ, ईआर-पीआर जोरदार पॉझिटिव्ह, हर टू निगेटिव्ह, शिवाय साखर. तिच्या घरच्यांनी पैसे वाचवले हा बोल खोटा होता. तिला जे लागत होते तेच तिला मिळाले. ही गोष्ट आज या व्यासपीठावरून सर्वांसमोर सांगितली पाहिजे, असे आम्हांला वाटले.

जनुकांच्या त्या तपासणीला पैसा फार लागतो. परदेशी तपासणीचा खर्च लाखांच्या घरात जातो. बंगळुरूला तयार झालेली एक भारतीय तपासणी त्यापेक्षा स्वस्त आहे. पण प्रत्येकीला तिची गरज नसते. साध्या रिपोर्टवरूनच पुष्कळदा उत्तर स्पष्ट असते. म्हणून तपासणीसाठी वावर गहाण ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारा, "या निकालाने माझा उपचार बदलणार आहे काय?" बदलणार नसेल तर तपासणी कशाला?

शंभरात किती?

आता थोडे गणित. घाबरू नका, बाजाराच्या हिशेबाइतकेच आहे. जुन्या-नव्या अभ्यासांची बेरीज असे सांगते की चांगली किमो घेतल्याने या रोगाने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. ऐकायला सगळ्यांना सारखा फायदा वाटतो. पण तसे नाही.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. एका प्रकारच्या गाठीच्या शंभर बाया आहेत. किमो नसती तर त्यांतल्या तीस दगावल्या असत्या. एक तृतीयांश कमी झाल्या म्हणजे वीस राहिल्या. दहा जणी वाचल्या. आता दुसऱ्या प्रकारच्या शंभर बाया घ्या, ज्यांचा धोका मुळातच कमी. किमो नसती तर सहा दगावल्या असत्या. एक तृतीयांश गेल्या, चार राहिल्या. वाचल्या दोन. त्या दोघींसाठी शंभर जणींनी उलट्या, केसगळती, ताप सोसायचा. कोणी म्हणेल, दोन जीव म्हणजे काही कमी नाहीत, मी घेते. कोणी म्हणेल, एवढ्यासाठी मी नाही घेत. दोघीही चूक नाहीत. पण आकडा माहीत असला तरच हे ठरवता येते. म्हणून डॉक्टरांना "फायदा होईल का" एवढेच विचारू नका. "माझ्यासारख्या शंभर बायांत किमोने किती जणी जास्त वाचतात?" असे विचारा. केंब्रिज विद्यापीठाने यासाठी प्रेडिक्ट नावाचे गणित संगणकावर ठेवले आहे. डॉक्टर रिपोर्टमधले आकडे त्यात भरून अंदाज सांगू शकतात. ते इंग्लंडमधल्या बायांच्या माहितीवर उभे आहे, म्हणून अंदाजच समजावा.

आणि हेही लक्षात घ्या की ईआर पॉझिटिव्ह गाठीत टॅमोक्सिफेनची गोळी पाच वर्षे नेमाने घेतली तर मृत्यूचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी होतो. ही गोळी स्वस्त आहे. पाळी गेलेल्यांना दुसऱ्या जातीच्या गोळ्याही देतात. किमो न घेणारी बाई उपचार सोडून बसली, असे म्हणूच नये. पण गोळी सहा महिन्यांत बंद केली तर मात्र खरोखरच उपचार सोडला.

अंगावर काय येते?

किमो सहसा सलाईनमधून देतात. पुष्कळ ठिकाणी दर एकवीस दिवसांनी एक, असे चार डोस एका औषधाचे आणि मग दुसऱ्या औषधाचे चार, किंवा दर आठवड्याला एक असे बारा. म्हणजे पाच-सहा महिने जातात. त्यातले एक औषध लाल रंगाचे असते. त्यानंतर एखादा दिवस लघवी लाल होते, ते रक्त नव्हे. या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून आधी टू डी इको करतात. केस जातात, ते परत येतात. उलटीवर आता चांगली औषधे आहेत, पूर्वीसारखे हाल होत नाहीत. तोंड येते, थकवा फार असतो. काहींच्या हातापायांना मुंग्या राहतात. पाळी बंद पडू शकते. ज्या मुलीला पुढे मूल हवे आहे, तिने किमो सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे, नंतर उशीर होतो. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या, त्याच्या दुसऱ्या हातातून सलाईन लावायला सांगावे.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने पाठ करावी. डोस झाल्यावर साधारण सात ते चौदा दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात. त्या काळात १००.४ अंशांवर ताप गेला तर सकाळची वाट पाहू नये. गोळी देऊन झोपवू नये. रात्री दोन वाजले असतील तरी दवाखाना गाठावा. घरात थर्मामीटर पाहिजेच. पाणी उकळलेले, अन्न ताजे शिजवलेले, भेटायला येणाऱ्यांची गर्दी कमी.

वस्तीत एक चौऱ्याहत्तर वर्षांची आजी होती. हृदय अशक्त. डॉक्टरांनी तिला सांगितले की किमोने थोडा फायदा होईल, त्रासही होईल, तुम्हीच ठरवा. ती म्हणाली, "मले नातवाचं लग्न पाहाचं हाय, सुया नाई पाहाच्या." तिने गोळी घेतली. कोणी तिच्यावर जबरदस्ती केली नाही, कोणी तिला भित्री म्हटले नाही. नातवाचे लग्न तिने पाहिले.

ठरवायचे कोणी?

आम्ही दवाखान्यांत पाहिलेले सांगतो. डॉक्टरांच्या केबिनमध्ये नवरा जातो, मुलगा जातो, कधी दीर जातो. बाई बाहेर बाकड्यावर पिशवी सांभाळत बसते. आत जे ठरते ते तिला घरी आल्यावर अर्धे सांगतात. काही घरांत तर रोगाचे नावही सांगत नाहीत, साधी गाठ होती म्हणतात. मायेपोटीच करतात, आम्ही जाणतो. पण मग केस गळायला लागले की तिला काय वाटत असेल? शरीर तिचे, सुई तिला टोचणार, दगावली तर तीच. तिला आत बसवा. तिच्यासमोर बोला. तिच्या मनात वेगळेच प्रश्न असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडेल, पोरीचे लग्न जुळत आहे तर लोक काय म्हणतील, लेकरांना कोण पाहील. हे प्रश्न बारीक समजू नका. पुष्कळ बाया यांच्याच पायी किमो नाकारतात आणि तोंडाने म्हणतात, "मले भेव लागते."

बाबासाहेबांनी आपल्याला सांगोवांगीवर न जाता पारखून घ्यायला शिकवले. तेच इथे लावायचे. अमक्या गावचा पाला, तमक्याची मात्रा, सुई लावली की रोग पसरतो, हे सगळे कानावर येणारच. जो सांगतो त्याला एवढेच विचारा, तू किती जणींना दिले, त्यांतल्या किती पाच वर्षांनी जिवंत आहेत? त्याच्याकडे आकडा नसतो. आणि किमो चालू असताना कोणतीही जडीबुटी डॉक्टरांना न सांगता देऊ नका.

पैशाचे आणि प्रवासाचे

२०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यातल्या ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यात आपला अमरावती जिल्हा होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार तिच्यातून होतात, त्यात कॅन्सरचे ऑपरेशन, किमो, शेक हे सगळे येते. रेशन कार्ड, आधार आणि आयुष्मान कार्ड घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी भेटावे. पैसे भरून झाल्यावर भेटून उपयोग नाही. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री टायर एसीचे तिकीट माफ आहे, सोबत्याला त्यात पंचाहत्तर टक्के सूट मिळते. त्यासाठी दवाखान्याचा दाखला लागतो.

नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे, मेडिकल आहे, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय जवळ पडते. कोणी मुंबईला टाटात जाते. ते हॉस्पिटल १९४१ पासून रुग्णांची सेवा करीत आहे, आणि दादरला आपल्याच जिल्ह्यातल्या गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देते. आमचा अनुभव असा की किमो कोणती, किती, हे मोठ्या ठिकाणी एकदा ठरवून घ्यावे आणि डोस जमल्यास अमरावतीत, घराजवळ घ्यावेत. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. त्यासाठी रिपोर्टसोबत काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक ऑपरेशन झालेल्या ठिकाणाहून मागून घ्यावा.

पण मत घेता घेता दिवस जाऊ देऊ नका. किमो लागणार असेल तर ती सहसा ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांत सुरू करतात. नव्वद दिवसांच्या पुढे उशीर गेला तर फायदा घटतो, असे अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दिसले आहे. ट्रिपल निगेटिव्ह गाठीत तर जास्तच.

जाताना हे प्रश्न लिहून न्या

१. माझी गाठ कोणत्या जातीची आहे? रिपोर्ट पूर्ण आला का, की फिश बाकी आहे?
२. किमो न घेता नुसत्या गोळ्या घेतल्या तर माझ्यासारख्या शंभर जणींत काय होते?
३. किमोने त्यात किती जणींची भर पडते?
४. माझे वय, साखर, हृदय पाहता मला कोणता धोका जास्त?
५. किती डोस, किती दिवस, कोणत्या औषधांचे? अमरावतीत मिळतील का?
६. योजनेत बसते का? बाहेरून काय विकत घ्यावे लागेल?
७. रात्री ताप आला तर कोणत्या नंबरवर फोन करू?
८. मी नाही म्हटले तर दुसरे काय उरते?

शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. नाही म्हणण्याचा हक्क बाईला आहे. फक्त ते नाही तिचे स्वतःचे असावे, रिपोर्ट वाचून झाल्यावरचे असावे. ओट्यावरच्या गप्पांतून आलेले नसावे.

आमच्या अडतीस वर्षांच्या भगिनीचे काय झाले, हे आपण विचाराल. सात आठवड्यांनंतर आशाताईने तिचा रिपोर्ट तिच्यासमोर मांडला, एकेक ओळ मराठीत सांगितली. तिने स्वतः केबिनमध्ये बसून डॉक्टरांना आकडा विचारला. घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "घेतो मी." आठही डोस झाले. चौथ्या डोसानंतर रात्री ताप चढला, तेव्हा वस्तीतल्या पोरांनी गाडी काढून तासाभरात अमरावती गाठली. पुढे काय होईल हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण जे करता येण्यासारखे होते, ते तिने वेळ जाण्याआधी केले, हे तिला आणि आम्हां सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून मंडळाने ठरवले आहे. दर महिन्याच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर आमच्यातल्या दोघी विहारात तासभर बसतील. ज्या घरात असा कागद आला असेल त्यांनी तो घेऊन यावे. आम्ही औषध सांगणार नाही. कागद वाचून दाखवू, प्रश्न लिहून देऊ आणि सोबत कोणी नसेल तर बसमध्ये सोबत बसू. डोसाच्या काळात घरी एक वेळचा डबा, लेकरांची शाळा, एवढे वस्तीने वाटून घ्यावे. आणि पेशंटला भेटायला जाल तेव्हा दुसऱ्या पेशंटची गोष्ट सांगू नका. विचारा, "तुझ्या कागदात काय लिहिलं हाय?"